घरी बांधलेल्या पिक अँड प्लेस मशीनसाठी ओपनपीएनपी: पहिल्या कनेक्शनपासून पहिल्या बोर्डापर्यंत

फ्रेम उभी आहे, बेल्ट ताणलेत, दोन कॅमेरे बसलेत, व्हॅक्यूम पंप घरघरतोय, आणि तरीही मशीन एक ०६०३ आकाराचा रेझिस्टर उचलून जागेवर ठेवायला तयार नाही. घरी पिक अँड प्लेस, म्हणजे सर्किट बोर्डावर लहान पार्ट उचलून ठेवणारं मशीन, बांधणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. हा लेख त्या टप्प्यापासून पुढचा आहे. यांत्रिक बांधणी झालीय असं मी धरून चालतो: एक्स, वाय, झेड, एक किंवा दोन फिरणारी नोझलं, वरून खाली बघणारा एक कॅमेरा, खालून वर बघणारा दुसरा, आणि थ्रीडी प्रिंटरच्या जातीचा एखादा कंट्रोलर बोर्ड.

ओपनपीएनपी हे असं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. त्यात आकडे भरायच्या जागा इतक्या आहेत की पहिल्यांदा उघडल्यावर माणूस बावचळतो. पण त्यातले बहुतेक आकडे आपण भरायचेच नसतात. ते मशीनला स्वतःच्या कॅमेऱ्याने मोजायला लावायचे. आपलं काम इतकंच, की मोजणी खरी यावी अशी परिस्थिती ठेवायची: घट्ट बेल्ट, न बदलणारा प्रकाश, नेमकी उंची. ज्यांचं मशीन महिनोनमहिने नीट होत नाही, त्यांनी बहुधा व्हर्नियरने मोजून आकडे टाकलेले असतात आणि एक चूक झाकायला दुसऱ्या ठिकाणी ऑफसेट दिलेला असतो.

आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक.

आधी मशीन न जोडता

ओपनपीएनपी पहिल्यांदा उघडलं की ते खोट्या मशीनसह सुरू होतं. नल ड्रायव्हर नावाचा दिखाऊ ड्रायव्हर आणि चित्रातून दृश्य दाखवणारा कॅमेरा त्यात आधीच असतो. एक संध्याकाळ त्यातच घालवा. पॉवरचं बटण, होमिंग (अक्ष शून्य जागेवर नेणं), हाताने हलवायचे जॉगिंगचे बाण, जॉब, पार्ट्स, पॅकेजेस, फीडर्स, मशीन सेटअप हे टॅब कुठे आहेत ते हाताला बसू द्या. खऱ्या मशीनवर चुकीचा बाण दाबला तर नोझल वाकतं. इथे काही होत नाही.

सगळी मांडणी तुमच्या होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहते. त्याचं नाव टिंबाने सुरू होतं: '.ओपनपीएनपी२'. आत मशीन, पार्ट्स आणि पॅकेजेस यांच्या वेगवेगळ्या एक्सएमएल फाइली असतात. जुन्या लेखांत या फाइली हाताने उघडून बदलायला सांगितलेलं सापडेल. आता त्याची गरज उरलेली नाही, सगळं पडद्यावरूनच होतं. मात्र प्रत्येक मोठ्या टप्प्यानंतर या फोल्डरची तारीख घालून एक प्रत काढून ठेवा. सॉफ्टवेअर स्वतःही बॅकअप घेतं, पण 'नोझल ऑफसेटच्या आधीचं' असं नाव दिलेली आपली प्रत शोधायला सोपी जाते.

कंट्रोलर आणि फर्मवेअर

एक्स, वाय, झेड आणि दोन नोझलांचं फिरणं असे पाच अक्ष लागतात. मूळ जीआरबीएल फर्मवेअर (बोर्डावर चालणारं सॉफ्टवेअर) तीन अक्षांचं आहे, त्यामुळे जुन्या सीएनसीचा बोर्ड पडून आहे म्हणून तो लावायचा मोह टाळा. स्मूदीवेअर, ड्युएट आणि मार्लिन हे तिन्ही ओपनपीएनपीवाल्यांत रुळलेले आहेत. लुमेनपीएनपी हे ओपन सोर्स मशीनही मार्लिनवरच चालतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर थ्रीडी प्रिंटरचे बोर्ड सहज मिळतात आणि त्यावर मार्लिन चढतं, म्हणून पुढची उदाहरणं मार्लिनची घेतो.

थ्रीडी प्रिंटरचा बोर्ड इथे लावताना दोन अडचणी हमखास येतात. पहिली तापमानाची. हॉटएंडचा थर्मिस्टर जोडलेला नसतो, म्हणून फर्मवेअर घाबरून सगळं बंद करतं. कॉन्फिगरेशनमध्ये हीटर आणि सेन्सर काढून टाका. दुसरी अडचण, नोझल फिरवायला एक्स्ट्रूडरचा अक्ष वापरला तर 'थंड प्लास्टिक ढकलणार नाही' म्हणून तो हलतच नाही. एम३०२ ने ते कुलूप उघडता येतं. पण त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे नव्या मार्लिनमध्ये चौथा आणि पाचवा अक्ष ए आणि बी म्हणून घ्यायचे आणि ते फिरणारे आहेत असं कॉन्फिगरेशनमध्येच सांगायचं. मग त्यांचा हिशेब मिलिमीटरऐवजी अंशांत होतो आणि वेगाचे घोळ उरत नाहीत.

स्टेप्सचा हिशेब एकदा कागदावर करा. २०० स्टेप्सची मोटर, १६ मायक्रोस्टेप, २० दातांची जीटी२ पुली: ३२०० भागिले ४० म्हणजे मिलिमीटरला ८० स्टेप्स. पोकळ शाफ्टची मोटर नोझल थेट फिरवत असेल तर ३२०० भागिले ३६०, म्हणजे अंशाला ८.८८८९. कॅमेरा चालू झाला की ३०० मिमीची स्टीलची पट्टी बेडवर ठेवून पडताळा. क्रॉसहेअर शून्यावर आणा, ३०० मिमी जायला सांगा, आणि पट्टीवर कुठे पोचलं ते बघा. ते २९९.४ वर थांबलं तर ८० गुणिले ३०० भागिले २९९.४, म्हणजे ८०.१६. हा आकडा एम९२ ने द्या आणि एम५०० ने साठवा. हा एक आकडा आपण स्वतः भरायचा, कारण पुढच्या सगळ्या मोजण्या याच्यावर उभ्या राहतात.

लिमिट स्विच एम११९ ने तपासा. स्विच बोटाने दाबून धरला की उत्तर बदललं पाहिजे. होम करण्याआधी प्रत्येक स्विच असा बघा.

मोटर ड्रायव्हर शांत जातीचे घ्या, टीएमसी२२०९ सारखे. मुंबईत बहुतेकांचं मशीन हॉलमध्ये किंवा बेडरूमच्या कोपऱ्यात असतं आणि काम रात्री होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना स्टेपरची शिट्टी ऐकू आली की जिन्यात भेट झाल्यावर विषय निघतोच.

ड्रायव्हर जोडणं

मशीन सेटअपच्या झाडात ड्रायव्हर्सखाली जीकोड (मशीनला हालचालीच्या आज्ञा द्यायची भाषा) ड्रायव्हर घ्या, सिरियल पोर्ट निवडा, बॉडरेट फर्मवेअरमध्ये असेल तोच ठेवा. मार्लिनला साधारण १,१५,२०० किंवा २,५०,००० असतो. आता 'इश्यूज अँड सोल्यूशन्स' टॅबवर या. पुढचं जवळजवळ सगळं काम इथूनच होतं. 'फाइंड' चं बटण दाबलं की सॉफ्टवेअर तुमची मांडणी तपासतं आणि काय राहिलंय त्याची यादी देतं. ही यादी टप्प्यांनी पुढे सरकते: ओळख, जोडणी, मूलभूत गोष्टी, गती, व्हिजन, कॅलिब्रेशन, उत्पादन. एक टप्पा पूर्ण केल्याशिवाय पुढचा उघडू नका. 'हे नंतर बघू' म्हणून एखादी सूचना बाजूला सारली की ती तीन टप्प्यांनंतर वेगळंच रूप घेऊन समोर येते.

पहिल्याच टप्प्यात तुम्हाला नोझल किती आणि झेड कसा चालतो ते विचारलं जातं. प्रत्येक नोझलला वेगळी झेड मोटर, की एकाच मोटरवर दोन नोझलं जी बेल्टने सीसॉसारखी वरखाली होतात, की कॅमने? खरं उत्तर द्या. सीसॉची मांडणी असेल तर दुसऱ्या नोझलचा झेड हा पहिल्याच्या उलट चिन्हाचा असतो, आणि तो काल्पनिक अक्ष सॉफ्टवेअर स्वतः तयार करतं.

फर्मवेअर ओळखलं गेलं की जीकोडच्या आज्ञाही यादीतूनच सुचवल्या जातात. तरी प्रत्येक आज्ञा काय करते हे माहीत असावं. 'कमांड कन्फर्म' म्हणजे बोर्डाकडून कोणतं उत्तर आलं की आज्ञा पोचली समजायची. मार्लिनमध्ये ते 'ओके' ने सुरू होतं. 'मूव्ह टू' मध्ये जी१ आणि प्रत्येक अक्षाची जागा असते. 'मूव्ह टू कम्प्लीट' मध्ये एम४०० असतंच असतं. ते नसेल तर डोकं अजून चालत असतानाच कॅमेरा फोटो काढतो, आणि मग फिड्यूशिअल (जागा ओळखायला ठेवलेला गोल ठिपका) दर वेळी थोडा वेगळ्या जागी सापडतो. लोक बेल्ट बदलतात, कॅमेरा बदलतात, आणि दोष या एका ओळीत असतो.

होमिंगमध्ये झेड आधी, मग एक्स आणि वाय. नोझल खाली लोंबकळत असताना डोकं आडवं गेलं तर पार्ट पुरवणाऱ्या फीडरच्या कडेला धडकतं. फिरणाऱ्या अक्षांना स्विच नसतो, त्यांना शेवटी जी९२ ने शून्य द्या.

काही अडलं तर लॉग टॅबमध्ये पातळी 'ट्रेस' करा. काय पाठवलं आणि काय उत्तर आलं ते ओळीने दिसतं. आज्ञा गेली, बोर्डाने उत्तरही दिलं, तरी 'टाइमआउट' येत असेल तर उत्तराचा नमुना जुळत नाहीये. उत्तरच नसेल तर केबल, पोर्ट किंवा बॉडरेट.

अक्ष आणि दिशा

ओपनपीएनपीच्या हिशेबात एक्स उजवीकडे वाढतो, वाय आपल्यापासून लांब वाढतो, झेड वर वाढतो, आणि फिरणं घड्याळाच्या उलट दिशेने धन असतं. नोझल खाली जाताना झेड ऋण होत गेला पाहिजे. जॉगिंगचे बाण दाबून चारही दिशा तपासा आणि उलटी असेल ती फर्मवेअरमध्ये सुलटी करा. ओपनपीएनपीमध्ये उलट चिन्हं लावत बसू नका. नोझल फिरण्याची दिशा डोळ्यांना फसवते, म्हणून टिपेला कागदाचं लहान निशाण चिकटवा, ९० अंश द्या आणि वरून बघा.

सॉफ्ट लिमिट आणि सेफ झेड इथेच ठरतात. सेफ झेड म्हणजे ज्या उंचीवर डोकं कुठेही न अडकता बेडभर फिरू शकतं ती. सर्वांत उंच फीडर आणि टोकाला धरलेला सर्वांत जाड पार्ट यांचा विचार करून ठरवा. फिरणाऱ्या अक्षाला 'रॅप अराउंड' द्या, म्हणजे १७० वरून उणे १७० ला जाताना ते उलटं ३४० अंश फिरणार नाही. वेग आणि अॅक्सिलरेशन सध्या मुद्दाम कमी ठेवा.

पंप, व्हॉल्व, दिवे

या सगळ्यांना ओपनपीएनपी अॅक्च्युएटर म्हणतं. प्रत्येकाला चालू आणि बंद अशा दोन आज्ञा: मार्लिनमध्ये पंख्याच्या आउटपुटवर जोडलं असेल तर एम१०६ आणि एम१०७. मग पंप हेडला नेमा, व्हॉल्व त्या त्या नोझलला आणि दिवा त्या त्या कॅमेऱ्याला. मोटर आणि सोलेनॉइडला डायोड लावायला विसरू नका. बारा व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व, नळी आणि फिटिंग नागदेवी स्ट्रीटला मिळतात. व्हॉल्व तीन-तोंडी घ्या. बंद केल्यावर नोझलमधली पोकळी बाहेरच्या हवेने लगेच भरली पाहिजे, नाहीतर पार्ट टिपेला चिकटून परत येतो.

कॅमेरे आणि उजेड

इथे वेळ काढा. अर्ध्याहून जास्त 'सॉफ्टवेअरच्या' तक्रारी उजेडाच्या असतात.

दोन यूएसबी कॅमेरे एकाच हबवर लावले तर एक चालतो आणि दुसरा काळा दिसतो. कारण साधं आहे. १२८० बाय ७२० चं चित्र, पिक्सेलला दोन बाइट, सेकंदाला ३० चित्रं म्हणजे सेकंदाला ५५ मेगाबाइटच्या वर. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ६० आहे. एमजेपीजी फॉरमॅट निवडा किंवा सेकंदाला १० चित्रांवर या, आणि कॅमेरे लॅपटॉपच्या वेगवेगळ्या पोर्टांना थेट जोडा.

कॅमेऱ्याच्या गुणधर्मांत एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस, गेन सगळं ऑटोवरून काढा. ऑटो एक्सपोजर चालू असेल तर नोझलने पांढरा कॅपॅसिटर धरल्यावर चित्र काळवंडतं आणि काळी आयसी धरल्यावर उजळतं, आणि सकाळी लावलेली पाइपलाइन (चित्रातून पार्ट ओळखायच्या पायऱ्या) दुपारी चालत नाही.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर पॉवर लाइन फ्रीक्वेन्सी ५० वर आहे का बघा. अनेक वेबकॅम ६० वर येतात. एक्सपोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा. तरीही पट्टे राहिले तर ते तुमच्याच एलईडी रिंगचे असतील. एम१०६ ला २५५ च्या खालचा आकडा दिला की दिवा मंद होत नाही, भराभर चालू-बंद होतो, आणि कॅमेऱ्याला ते दिसतं. दिवा पूर्ण ताकदीने लावा, जास्त वाटला तर एक्सपोजर कमी करा किंवा पुढे ट्रेसिंग पेपरचा डिफ्यूजर लावा. चकचकीत सोल्डर पॅडवर थेट एलईडीचे ठिपके उमटले तर सॉफ्टवेअर त्यांनाच पॅड समजतं.

खिडकीचा प्रकाश झाका. खालच्या कॅमेऱ्याभोवती काळ्या मॅट कार्डाची नळी पुरते. वरचा पंखाही बंद ठेवायचा. एप्रिल-मे मध्ये हे फार जिवावर येतं, पण ०४०२ चा पार्ट पंख्याच्या वाऱ्यात उडून सोफ्याखाली जातो आणि परत मिळत नाही. टेबल फॅन लावायचाच तर मशीनकडे पाठ करून.

फिड्यूशिअल, उंची आणि मुख्य कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशनसाठी बेडवर कायमचे दोन गोल ठिपके लागतात. पहिला नेमका त्या उंचीवर, जिथे बोर्डाचा वरचा पृष्ठभाग येणार. दुसरा वेगळ्या उंचीवर, काही मिलिमीटरच्या फरकाने. या दोन्हींवरून सॉफ्टवेअर 'एका पिक्सेलला किती मिलिमीटर' हे उंचीनुसार कसं बदलतं ते काढतं. चित्राची रुंदी १२८० पिक्सेल आणि त्यात २५.६ मिमी दिसत असेल तर पिक्सेलला ०.०२ मिमी. घरच्या मशीनला हे उत्तम आहे.

ठिपके कागदावर छापू नका. एक लहानसा पीसीबी बनवून घ्या, १ मिमी व्यासाचं तांबं आणि भोवती २ मिमीपर्यंत मास्क उघडा. तो बेडला स्क्रूने घट्ट बसवा.

बेडविषयी मुंबईत एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. एमडीएफचा बेड घेऊ नका. जुलैमध्ये तो दमट हवा पिऊन फुगतो, आणि मे महिन्यात घेतलेल्या सगळ्या झेड उंच्या बिघडतात. अॅल्युमिनियमची पट्टी किंवा एक्सट्रूजन ठेवा. लिनिअर रेल्सवर तेलाचा हात फिरत राहू द्या, खारी हवा तिथे आठवड्यात गंज दाखवते.

आता यादी सांगेल तसं करा. वरचा कॅमेरा पहिल्या ठिपक्यावर आणायला सांगितलं जाईल, मग सॉफ्टवेअर डोकं थोडं थोडं हलवून कॅमेऱ्याचं फिरलेपण, प्रमाण आणि बॅकलॅश (दिशा बदलताना अक्षात राहणारी ढिलाई) स्वतः मोजतं. या वेळी मशीनला हात लावू नका, टेबलाला टेकूही नका. बॅकलॅशचा आलेख बघण्यासारखा असतो. आकडा लहान आणि सगळीकडे सारखा आला तर भरपाई नीट होते. आकडा प्रत्येक अंतराला वेगळा येत असेल तर पुलीचा ग्रब स्क्रू ढिला आहे किंवा बेल्ट सैल आहे. पुन्हा कॅलिब्रेट करून ते बरं होत नाही, पाना घ्या.

मग व्हिज्युअल होमिंग. लिमिट स्विच दर वेळी केसभर वेगळ्या जागी लागतो. व्हिज्युअल होमिंग चालू केलं की स्विचवर होम झाल्यावर कॅमेरा पहिला ठिपका शोधतो आणि शून्य त्यावरून पक्कं करतो. हे नसेल तर काल टिपलेल्या फीडरच्या जागा आज सरकलेल्या असतात.

नोझल आणि कॅमेरा यांच्यातलं अंतर हा सर्वांत नाजूक भाग. आधी ढोबळ: नोझल ठिपक्यावर आणून टेकवायचं आणि जागा टिपायची. टेकलं कधी हे डोळ्यांनी ठरवू नका. साध्या झेरॉक्स कागदाची पट्टी ठिपक्यावर ठेवा, झेड ०.१ च्या पायरीने उतरवा, शेवटी ०.०५ ने, आणि पट्टी दुसऱ्या हाताने मागेपुढे सरकवत राहा. आधी ती मोकळी सरकते, मग टिपेखाली जरा अडखळते, पण फाटत नाही. तिथे थांबा. कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी, तेवढं आणखी उतरवलं की खरी उंची. नोझलला स्प्रिंग असेल तर ती दबायच्या आधीचा क्षण पकडायचा. सीसॉच्या मांडणीत दोन्ही नोझलांचं हे वेगवेगळं करा.

नंतर नेमकं अंतर. इथे सॉफ्टवेअर एक लहान चाचणी वस्तू उचलायला लावतं, वेगवेगळ्या कोनांत ठेवतं, वरच्या कॅमेऱ्याने बघतं, आणि प्रत्येक वेळच्या फरकावरून ऑफसेट काढतं. दोन्ही बाजू वेगळ्या रंगाच्या नसलेली, सपाट, गोल वस्तू घ्या. पंच मशीनने पाडलेली जाड कार्डाची टिकली चालते, फक्त तिचा रंग बेडपेक्षा उठून दिसला पाहिजे.

नोझल टिप

जुकीच्या धर्तीच्या टिपा घरच्या मशीनवर सर्रास वापरतात. लहान भोकाची ०४०२ साठी, ५०३ बहुतेक ०६०३ आणि ०८०५ साठी, ५०५ एसओआयसीसारख्या आयसींसाठी. सुरुवातीला ५०३ आणि ५०५ या दोनच घ्या. प्रत्येक पॅकेजला कोणती टिप चालते ते पॅकेजेस टॅबमध्ये खुणा करून सांगावं लागतं. नाहीतर जॉब सुरूच होत नाही आणि एररही नीट समजत नाही.

टिप कधीच अगदी मध्यावर फिरत नाही. रनआउट कॅलिब्रेशन चालू ठेवा: खालच्या कॅमेऱ्यावर टिप वेगवेगळ्या कोनांत फिरवून तिचं टोक किती भटकतं ते मोजलं जातं. ठरलेल्या पाइपलाइनला टिपेमागचा हिरवा रंग पुसून टाकायची सवय आहे, कारण या टिपांची चकती हिरवी असते. तुमची चकती वेगळ्या रंगाची असेल तर बॅकग्राउंड कॅलिब्रेशन करा, ते रंग स्वतः ओळखतं.

बॉटम व्हिजनमध्ये, म्हणजे खालच्या कॅमेऱ्याने उचललेला पार्ट तपासण्यात, 'प्री-रोटेट' चालू ठेवा. ज्या कोनात पार्ट ठेवायचा त्याच कोनात फिरवून मग फोटो काढला, की फिरण्याची चूक पुढे जात नाही. टिपेला हाताने एक ०८०५ लावून 'टेस्ट अलाइनमेंट' करा. पार्टभोवती बारीक चौकट नेमकी बसली पाहिजे. चौकट पार्टपेक्षा मोठी येत असेल तर टिपेची चकाकी मध्ये येतेय. पुन्हा उजेडाकडे जा.

फीडर

पहिल्यासाठी स्वयंचलित फीडर नकोत. स्ट्रिप फीडर, म्हणजे रीलमधून कापलेला टेपचा तुकडा खाचेत बसवायचा, वरचा पारदर्शक पापुद्रा आपण सोलायचा. टेपची भोकं १.५ मिमी व्यासाची आणि ४ मिमी अंतरावर असतात. ०६०३ चे पार्ट ८ मिमी रुंद टेपमध्ये ४ मिमीवर, ०४०२ बहुधा २ मिमीवर. 'ऑटो सेटअप' दाबून पहिला आणि दुसरा पार्ट दाखवला की कॅमेरा भोकं शोधून दिशा आणि पिच स्वतः भरतो. लॅमिंग्टन रोडवर सुटे तुकडे घेताना दुकानदाराला टेप दुमडून पिशवीत कोंबू देऊ नका. एकदा घडी पडली की टेप खाचेत सपाट बसत नाही आणि तिथले पार्ट नोझलला वेगवेगळ्या उंचीवर भेटतात.

उचलायची उंची तीच कागदाच्या पट्टीची पद्धत लावून टिपा. पार्ट्स टॅबमध्ये प्रत्येक पार्टची जाडी भरा. ०६०३ रेझिस्टर सुमारे ०.४५ मिमी, तोच आकार असलेला कॅपॅसिटर ०.८ च्या आसपास. ठेवताना झेड बोर्डाच्या उंचीत ही जाडी मिळवून ठरतो. जाडी कमी भरली तर पार्ट बोर्डावरच्या सोल्डर पेस्टमध्ये खोल दाबला जाऊन पेस्ट बाजूला पसरते, जास्त भरली तर तो वरून टाकला जातो.

बोर्ड आणणं

कायकॅड या पीसीबी आखायच्या सॉफ्टवेअरमधून प्लेसमेंट फाइल (कोणता पार्ट कुठे आणि किती फिरवून ठेवायचा त्याची यादी) काढताना मिलिमीटर निवडा आणि मूळ बिंदू ड्रिल-प्लेस ओरिजिन ठेवा, जो तुम्ही बोर्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात लावलेला असेल. ओपनपीएनपीमध्ये ती पॉस फाइल इम्पोर्ट करा. नसलेले पार्ट तयार करायला सांगा. पार्टचं नाव फुटप्रिंट आणि व्हॅल्यू मिळून तयार होतं, म्हणून एकाने '१०के' आणि दुसऱ्याने '१०किलो' लिहिलं तर दोन वेगळे पार्ट होतात. स्कीमॅटिकमध्येच शिस्त ठेवा.

बोर्डावरचे फिड्यूशिअल यादीत साधे पार्ट म्हणून येतात. त्यांचा प्रकार 'फिड्यूशिअल' करा आणि त्यांच्या पॅकेजमध्ये १ मिमी व्यासाचा एक गोल पॅड काढा. कोपऱ्यांत तीन असतील तर सॉफ्टवेअर बोर्डाची सरकण, फिरणं आणि ताणही काढू शकतं. दोनवर काम भागतं.

आयसी आणि डायोडची दिशा हा वेगळा विषय. शून्य अंशाला पार्ट कसा दिसतो हे कायकॅडच्या लायब्ररीत आणि तुमच्या टेपमध्ये जुळेलच असं नाही. प्रत्येक नव्या पॅकेजसाठी एकच पार्ट ठेवून पिन एक बघा आणि फरक फीडरच्या फिरण्यात द्या. डिझाइनमध्ये फिरवलंत तर पुढच्या बोर्डावर परत गोंधळ.

पहिली जॉब

पेस्टऐवजी बोर्डावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. पार्ट चिकटतात, जागा निवांत बघता येते, आणि पेस्ट वाया जात नाही. यादीतले पाच-सहा ०८०५ तेवढे चालू ठेवा, बाकी बंद. फिड्यूशिअल चेक करा, मग जॉब एका पायरीने पुढे न्यायच्या बटणाने चालवा: फीड, उचलणं, खालचा कॅमेरा, ठेवणं. हात पॉवर बटणाजवळ.

काय चुकतंय ते चुकीच्या नमुन्यावरून कळतं. सगळे पार्ट एकाच दिशेने सारखे सरकले असतील तर नोझल ऑफसेट. बोर्डाच्या एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला सरकत गेलेले असतील तर स्टेप्सचा आकडा किंवा फिड्यूशिअलच्या जागा. शून्य अंशाचे बरोबर आणि ९० चे चुकलेले असतील तर रनआउट किंवा खालच्या कॅमेऱ्याची जागा. कुणीही कुठेही पडत असेल तर एम४००, व्हॅक्यूम किंवा सैल बेल्ट.

टेपवर समाधान झालं की पेस्ट. फ्रिजमधून काढलेली पेस्ट बंद डब्यातच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, काही तास. पावसाळ्यात थंड डबा उघडला की आत दव धरतं आणि रिफ्लोमध्ये (बोर्ड तापवून सोल्डर वितळवताना) पेस्ट फुटून गोळ्या उडतात. आयसीच्या पाकिटावर एमएसएल (ओल सोसण्याची पातळी) ३ लिहिलेलं असेल तर उघडल्यावर १६८ तासांची मुभा असते, पण ती ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतची. जुलैतल्या मुंबईत ६० टक्के कुठून आणणार? पाकीट सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा आणि त्या दिवशी लागेल तेवढंच बाहेर काढा.

वेग आता वाढवायचा, तोही अॅक्सिलरेशनपासून. एक्स आणि वायचं अॅक्सिलरेशन थोडं वाढवा, बॅकलॅशचं कॅलिब्रेशन परत चालवा, आकडा बदलला नाही तर आणखी वाढवा. आकडा हलला की एक पायरी मागे या आणि कॅमेऱ्याचा सेटल टाइम (फोटोआधी थांबायची वेळ) तपासा. फीडर बदलला, टिप बदलली किंवा घर हलवलं तर इश्यूज अँड सोल्यूशन्सची यादी पुन्हा उघडून फक्त त्या सूचना परत सुरू करा. बाकीच्या मोजण्या तशाच राहतात. सोबत '.ओपनपीएनपी२' फोल्डरची ताजी प्रत पेनड्राइव्हवर असू द्या.